तीन चाकांच्या खुणा

शंकाबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते गावाने ठेवलं आणि इतकं चपखल बसलं, की खरं नाव फक्त सरकारी कागदावर उरलं. कुणी 'सहज आलो होतो' म्हणालं की बाईंच्या कपाळाला आठी पडायची. सहज कुणी कुठे येत नाही, असं त्यांचं ठाम मत. दुकानातून आणलेला साबण त्या आधी कागद फोडून हुंगायच्या. डॉक्टरने दिलेली गोळी उजेडात धरून पाहायच्या. लग्न ठरवायला मुलगा घरी आला आणि 'मी बस चालवतो' म्हणाला, तेव्हा एखादीने मान खाली घातली असती. हिने त्याचं लायसन्स मागितलं. खिडकीपाशी नेऊन फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, मुदत संपलेली नाही याची खात्री केली आणि मगच होकार दिला. मुलाला ते फार आवडलं. एवढं निरखून मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं, असं तो पुढे मित्रांना सांगायचा.

त्याची बस घाटातून जायची. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, वरून झाडांच्या फांद्या रस्त्यावर वाकलेल्या आणि वळणं अशी की पलीकडून हत्ती आला तरी कळू नये. तो प्रत्येक वळणाआधी हॉर्न वाजवायचा, न चुकता. म्हणून तो झाला हॉर्नकाका. सवय इतकी हाडीमाशी खिळली, की घरात स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत येतानासुद्धा काका दाराशी आधी खाकरायचे आणि मगच वळायचे.

शंकाबाई संध्याकाळी भांडी घासता घासता कान लावून बसायच्या. शेवटच्या वळणावरचा हॉर्न ऐकू आला की थांबलेले हात पुन्हा चालायला लागायचे. उशीर झाला तर शेजारणी म्हणायच्या, "अहो, पंक्चर झालं असेल." बाईंना ते कधीच पटलं नाही. काकांची सगळी नोकरी अशी गेली. गाव ज्याला संशयी स्वभाव म्हणत होतं ती बरीचशी भीतीच होती. पण भीती वाटते म्हणण्यापेक्षा शंका येते म्हणणं बाईंना बरं पडायचं.

मग डोंगराच्या पोटातून बोगदा निघाला आणि गाड्या तिकडून जायला लागल्या. काकांनी शेवटचे काही महिने बोगद्यातून बस हाकली. "याला काय ड्रायव्हिंग म्हणतात? नळातून पाणी जातं तसं जायचं," असं कुरकुरत ते निवृत्त झाले आणि घराच्या पायरीवर येऊन बसले. गुडघा आधीच कुरकुरत होता. दोघांची चांगली गट्टी जमली.

जुना घाट वाहनांना बंद करून सायकलवाल्यांसाठी ठेवायचा, असं रस्ते खात्याने ठरवलं. पायथ्याला आडवा दांडा बसला, त्याला कुलूप लागलं, शेजारी सायकल हातात धरून काढता येईल एवढी खांबांमधली फट ठेवली. बाजूला पत्र्याची शेड. तिच्यात भाड्याच्या सायकली, हवेचा पंप, पाण्याचं पिंप. आता नाक्यावर डोळ्यांत तेल घालून बसणारं माणूस हवं होतं. गावाने एकमुखाने शंकाबाईंचं नाव सुचवलं. त्यात थोडी थट्टा होती, पण खात्याने ती खरी धरली.

बाई कामाला लागल्या. गुडघे फोडून घेत सायकलही शिकल्या, कारण दुपारी एकदा उंच वळणापर्यंत जाऊन रस्ता पाहून यायचा, असं कामातच होतं. लांबलांबून लोक यायचे. सायकलीला दोन्ही बाजूंनी पिशव्या बांधलेल्या. जंगलातून रमतगमत चढायचे, माथ्यावरच्या विश्रामगृहात मुक्काम करायचे आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या बाजूने उतरायचे. जाण्याआधी प्रत्येकाची झडती व्हायची. "ब्रेक दाबून दाखवा. चपला? चपलांवर नाही जायचं. दोघं आलात म्हणता, मग दुसरा कुठाय? मागे का राहिला?" एवढं झालं की बाई बाजूला व्हायच्या आणि ठरलेलं वाक्य म्हणायच्या, "वर एकही गाडी नाही. खुशाल मधोमध चालवा."

हा त्यांचा शब्द होता. त्या शब्दावर लोक रस्त्याच्या मधून गाणी म्हणत उतरायचे, आयाबाया हँडल सोडून केस बांधायच्या, आंधळ्या वळणावर कुणी साधा वेगही कमी करायचा नाही. एखाद्या वळणावर खरंच गाडी समोर आली तर काय होईल, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. वर्षानुवर्षं त्यांनी त्याचीच धास्ती घेतली होती.

शिवाय दुसरी टांगती तलवार होती. माथ्यावर एकाने मोठा बंगला बांधून पाहुणे ठेवायला सुरुवात केली होती आणि त्याला रस्ता गाड्यांसाठी उघडून हवा होता. रस्ते खात्याचे अधिकारी बाईंना स्पष्टच म्हणाले होते, "एक जरी गाडी आत शिरते असं सिद्ध झालं ना, तर मी हा दांडा ठेवूच शकणार नाही. बंदी नुसती नावाला असेल तर रस्ता सगळ्यांना खुला करा, असं तो बंगलेवाला म्हणणार, आणि माझ्याकडे उत्तर नसेल." एवढं बोलून ते जीपमध्ये बसले आणि दांडा उचला म्हणाले. बाई जागच्या हलल्या नाहीत. "नियम तुमचाच आहे साहेब," त्या म्हणाल्या आणि शेडमधली एक सायकल काढून पुसून त्यांच्यापुढे उभी केली. साहेब वर जाऊन धापा टाकत परत आले, पण त्या दिवसापासून बाईंविषयी त्यांचं मत चांगलं झालं.

घरी मात्र या नोकरीचं कौतुक बेताचंच होतं. "आपल्याच पायांनी स्वतःला ढकलत न्यायचं, याला सहल म्हणतात!" असं काका म्हणायचे. रात्री जेवताना बाई सांगायच्या, आज उंच वळणावरून दरीत ढग उतरताना दिसले, आज खालच्या कड्यावर सगळं रान लाल झालंय. काका ताटात मान घालून "हं" म्हणायचे. ज्या रस्त्यावर सगळी हयात गेली त्याबद्दल माणूस एवढंही बोलत नाही, म्हणजे मनात काहीतरी असणार, असं बाईंना वाटायचं. त्यांना ते कुणाच्याही बाबतीत वाटायचं, म्हणून त्यांनी तेव्हा तिकडे दुर्लक्ष केलं.

पानगळीच्या दिवसांत एका सकाळी बाई नाक्यावर आल्या आणि कुलपाकडे बघत उभ्या राहिल्या. कुलूप लावताना किल्लीचं भोक डोंगराकडे करायचं, ही त्यांची पद्धत. आज ते दरीकडे होतं. कुणाला सांगितलं असतं तर तो हसला असता. म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, पण मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्या संध्याकाळी शेवटची सायकल परत आल्यावर बाईंनी दांड्यामागचा रस्ता झाडायला घेतला. झाडता झाडता, कुणाचं लक्ष नाही असं बघून, चाळणीने चाळलेली बारीक माती रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता येऊन पाहिलं तर मातीत खुणा होत्या. मधोमध एक ठसठशीत रेघ आणि दोन्ही बाजूंना एकेक फिकट रेघ.

ड्रायव्हरची बायको ती. खुणा वाचायला तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. मध्ये एक चाक, बाजूंना दोन, म्हणजे तीनचाकी टेम्पो. रेघा टेम्पोच्या मानाने फारच जवळ जवळ होत्या, हे खरं. पण ज्याला चोरून जायचंय तो टेम्पो अरुंद करून घेणारच. चाकं बारीक होती. मुद्दाम बारीक बसवली असणार. इंजिनचा आवाज वस्तीत कुणी ऐकला नव्हता. मग ढकलत नेत असतील, चोर कुठले. एकेक शंका येत होती आणि बाई तिला लगेच जागा करून देत होत्या. लाकूड, त्यांनी ठरवून टाकलं. रानातलं लाकूड तोडून बंगलेवाल्याकडे पोचतंय, आणि उद्या तोच बंगलेवाला बोट दाखवून म्हणणार, बघा, गाड्या जातातच.

बाईंनी शेडमधून अधिकाऱ्यांना फोन लावला. लपवाछपवी त्यांच्या रक्तात नव्हती, दुसऱ्याची असो की स्वतःची. "साहेब, गाडी शिरतेय. तीनचाकी. पहाटेची."

साहेब म्हणाले, "परवा उजाडताना येतो. आपण दोघं मिळून बघू. तोवर घरातसुद्धा कुणाला सांगू नका."

फोन ठेवून बाई घरी गेल्या. कुलपाची एक किल्ली त्यांच्या कमरेला असायची आणि दुसरी स्वयंपाकघराच्या दारामागे, खिळ्याला. तिचा दोरा त्या खिळ्याभोवती दोनदा गुंडाळून ठेवायच्या. आता तो एकदाच गुंडाळलेला होता. बाईंनी किल्ली हातात घेतली. खाचेत बारीक माती अडकली होती, चाळणीने चाळलेली.

त्या तिथेच बसल्या. चोर बाहेरचा असता तर बाईंनी त्याला उभा सोलला असता. पण या घरात दोनच माणसं राहत होती आणि त्यातलं एक त्या स्वतः होत्या.

मग जे जे आजवर नजरेआड केलं होतं ते सगळं एकापाठोपाठ आठवायला लागलं. काका हल्ली पहाटे उठून पाय मोकळे करायला जात होते. ज्या माणसाला दुकानापर्यंत चालायचं म्हटलं की गुडघा आठवतो, तो पहाटेच्या थंडीत कुठले पाय मोकळे करतो? परवा पँटच्या उजव्या पायाला वंगणाचा काळा डाग होता. आणि कोपर खरचटलं होतं ते? "दाराला लागलं." कुठल्या दाराला, हे बाईंनी विचारलं होतं. काकांनी खाकरून विषय वळवला होता.

तेवढ्यात धाकट्या नणंदबाई वाटी परत करायला आल्या. त्या शेजारच्याच घरात राहायच्या आणि वाटीबरोबर एखादी बातमी आणल्याशिवाय यायच्या नाहीत. "वहिनी, दादा हल्ली त्या वेल्डरकडे फार असतो हो. काय शिजतंय कोण जाणे. मी मागे गेले तर दोघांनी घाईघाईने कशावर तरी ताडपत्री ओढली. मी म्हटलं, काय आहे? तर वेल्डर म्हणतो, भंगार."

वेल्डर म्हणजे काकांचा जुना दोस्त. एकेकाळी त्याच बसवर कंडक्टर होता, नंतर वर्कशॉप टाकलं. टेम्पो अरुंद करून द्यायला याच्यापेक्षा लायक माणूस कोण? बाईंच्या डोक्यात सगळं चित्र जुळलं. आयुष्यभर त्यांनी सगळ्या जगावर संशय घेतला होता, पण ते लायसन्स पाहिलं त्या दिवसापासून या एका माणसाला त्यातून वगळलं होतं.

दोन दिवस कसेबसे गेले. आदल्या रात्री जेवताना बाईंनी भाजी वाढली आणि विचारायचं म्हणून तोंड उघडलं. काकांनीही नेमकं तेव्हाच तोंड उघडलं.

"काय?" बाई म्हणाल्या.

"काही नाही. तू बोल."

"मी काही नाही बोलत. तुम्ही काय म्हणत होतात?"

"मी? भाजी चांगली झालीये."

भाजीत मीठ नव्हतं. हे माहीत असूनही काका तसं म्हणाले, याचाही बाईंनी वेगळाच अर्थ काढला.

झोपण्याआधी त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून उशीखाली ठेवली. किल्लीच नसली तर काका जाणार नाहीत, साहेब येऊन हात हलवत परत जातील, सगळं निभावून जाईल. मग पुढे? पुढे रोज सकाळी लोकांना 'वर एकही गाडी नाही' म्हणायचं, आणि घरी येऊन याच माणसाला वाढायचं, न विचारता. उशीखालची किल्ली मानेला टोचत राहिली. उजाडायच्या बऱ्याच आधी बाई उठल्या आणि त्यांनी किल्ली परत खिळ्याला लावली. नवऱ्याला वाचवण्यापेक्षा खरं काय ते कळणं त्यांना जास्त गरजेचं वाटलं. हे वाटलं याची त्यांना लाजही वाटली, पण किल्ली त्यांनी खिळ्यालाच राहू दिली. पाण्याला जाते असं पुटपुटून त्या बाहेर पडल्या.

साहेब सायकलवरच आले होते. दोघं पहिल्या वळणाच्या वर, कड्याच्या आडोशाला जाऊन उभे राहिले. झाडांमधून राखाडी उजेड झिरपत होता. खाली दांडा वर गेल्याचा कर्र आवाज आला आणि साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी पदर घट्ट ओढून घेतला. मग काहीतरी खडखडत चढ चढायला लागलं, आणि त्याच्यामागून कुणाच्या तरी पळण्याचा आणि धापा टाकण्याचा आवाज.

"इंजिन बंद ठेवलंय वाटतं," साहेब कुजबुजले.

इतक्यात वळणाच्या पलीकडे सायकलची घंटा वाजली. वळणाआधी, न चुकता. ट्रिंग, ट्रिंग.

बाईंना काही बघायची गरजच उरली नाही. आयुष्यातल्या सगळ्या संध्याकाळी त्यांनी या एका आवाजाची वाट पाहिली होती, हॉर्नच्या जागी आता घंटा होती एवढंच. पण तो आवाज ऐकून हायसं न वाटण्याची ही पहिलीच वेळ.

वळणावरून हॉर्नकाका प्रकट झाले. जुन्या मोडकळीला आलेल्या लेडीज सायकलवर ते बसच्या सीटवर बसावं तसे ताठ बसले होते. पँटचा उजवा पाय दोरीने बांधलेला. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, लहान मुलांच्या सायकलीला असतात तशी, दोन छोटी चाकं वेल्डिंगने जोडलेली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी त्यांनी हात काढून वळणार असल्याची खूण केली. मागून घामाघूम झालेला वेल्डर धावत होता. त्याच्या हातात पाना होता आणि तो त्याने सायकलच्या मडगार्डवर दोनदा आपटला, टण टण. डबल बेल. चलो.

साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. त्यांचे खांदे हलत होते.

काकांनी बाईंना पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की बाईंना तो नंतर कधीही विसरता आला नाही. "आलीस?" ते म्हणाले. "मला वाटलंच होतं तू येशील." मग त्यांना कड्याच्या आडोशाचे साहेब दिसले. काकांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा साहेबांकडे. सगळ्या नोकरीत त्यांनी कधी मध्येच ब्रेक मारला नसेल, तो आता मारला.

"साहेब, ही गाडी नव्हे, हे माझ्याकडचं भंगार आहे," वेल्डर धापा टाकत म्हणाला.

साहेब सायकलभोवती एक चक्कर मारून आले. "इंजिन नाही. तेव्हा हे वाहन होत नाही," ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "ही सायकल आहे का, ते मला सांगता येणार नाही, पण तो माझ्या खात्याचा प्रश्न नाही. दांडा आहे तिथेच राहील, बाई." त्यांनी काकांना नमस्कार केला आणि आपली सायकल घेऊन उतरून गेले. खालच्या वळणापर्यंत त्यांचं हसू ऐकू येत होतं.

रस्ता वाचला होता. बाईंना आनंद व्हायला हवा होता. काका सायकलवरून उतरले आणि तिला हाताने धरून, लंगडत, रस्त्याच्या अगदी कडेने खाली निघाले.

त्या रात्री त्यांनी दुसरी किल्ली आणून बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"रात्री पाणी प्यायला उठलो होतो," ते म्हणाले. "खिळ्यावर किल्ली नव्हती. म्हटलं, कळलं हिला. आता काही खरं नाही. पहाटे बघतो तर किल्ली जागेवर. जिवाला केवढं बरं वाटलं! मला वाटलं, तुला सगळं कळलंय आणि तू हो म्हणालीस."

बाई किल्लीचा दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिल्या.

"तू ती मला पकडायला लावली होतीस."

"मला वाटलं टेम्पो आहे," बाई कशाबशा म्हणाल्या. "लाकडाचा."

"माझा?"

बाईंनी उलट विचारलं, "पण मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं असतंस. का, कशाला, या वयात, कुणी डोक्यात भरवलं. माझ्याकडे एवढी उत्तरं नव्हती." काका भिंतीकडे बघत बोलत होते. "एकच होतं. बसमध्ये मागे बसलेले म्हणायचे, काय दरी आहे! मी कधी बघितली नाही. बघितली असती तर सगळ्यांना घेऊन दरीतच गेलो असतो. सगळी नोकरी रस्ता बघण्यात गेली. आता तू रोज येऊन सांगतेस, ढग उतरले, रान लाल झालं. माझ्याच रस्त्यावरचं, आणि मला सांगायला काही नाही. डॉक्टर म्हणाले, चढ पायी चढायचा नाही, सायकल चालेल. म्हटलं, उंच वळणापर्यंत पोचू आणि मग हिला सांगू. पहिल्या वळणाच्या पुढे अजून गेलो नव्हतो."

ते झोपायला गेले. दाराशी वळताना खाकरलेसुद्धा नाहीत. बाई अंधाऱ्या स्वयंपाकघरात बसून रडल्या, आणि आपण रडतोय याबद्दल त्यांना पहिल्यांदाच कसली शंका आली नाही.

पुढचे काही दिवस काका पायरीवर बसून राहिले. पहाटे उठणं बंद झालं. माफ करा, असं म्हणण्याची बाईंच्या जिभेला सवय नव्हती. बऱ्याचदा शब्द ओठांपर्यंत आले आणि त्यांची जागा 'पाणी तापलंय' ने घेतली. शेवटी एका संध्याकाळी त्या वेल्डरच्या शेडमध्ये गेल्या आणि ताडपत्री ओढून काढली. सायकल वरपासून खालपर्यंत तपासली. साखळीला तेल दिलं, ब्रेक घट्ट केले, सीट काकांच्या गुडघ्याला झेपेल एवढी वर घेतली. डावीकडच्या छोट्या चाकाचं वेल्डिंग कच्चं निघालं, तेव्हा वेल्डरला असा झापला की तो चष्मा विसरून कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पायरीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"चला."

"कुठे?" काका म्हणाले.

"विचारू नका."

काकांनी एकवार त्यांच्याकडे पाहिलं. ते उठले ते बहुधा नवलानेच उठले असावेत.

नाक्यावर पिशव्या बांधलेल्या सायकली घेऊन पाच-सहा जण उभे होते. त्या गर्दीतून बाईंनी काकांची तीनचाकी पुढे आणली. मग कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं आणि खात्याच्या जीपसाठी न उचललेला दांडा दोन्ही हातांनी पूर्ण वर केला.

"आम्हाला मात्र फटीतून का?" एकाने विचारलं.

"तुमच्या सायकलीला दोनच चाकं आहेत," बाई म्हणाल्या.

काका सायकलवर बसून वाट बघत राहिले. "माझे ब्रेक नाही बघायचे?"

"बघितलेत."

"काही विचारायचं नाही?"

"नाही."

बाईंनी वेल्डरला नाक्यावर बसवलं, आपली सायकल काढली आणि दोघं निघाले. चढ हळूहळू चढले. मधूनमधून थांबले, पाणी प्यायले. रान लाल झालेलं होतं. काका डाव्या कडेने, नजर रस्त्यावर रोवून, प्रत्येक वळणाआधी घंटा वाजवत होते. उंच वळणाच्या अलीकडे रस्ता थोडा सपाट होतो आणि झाडं एकदम बाजूला सरतात. तिथे आले तरी काका रस्त्याकडेच बघत होते.

"मधोमध या," बाई म्हणाल्या.

"समोरून कुणी आलं तर?"

"वर एकही गाडी नाही."

काका बिचकत बिचकत मध्यावर आले. मान मात्र सरळच.

"अहो, दरी."

"रस्ता सोडून कसं बघू?"

बाईंनी आपली सायकल त्यांच्या बरोबरीला आणली. "तुम्ही दरी बघा. रस्ता मी बघते."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत शंका होती. हिच्या भरवशावर मान वळवावी का, असं ते ताडून बघत होते, कधीकाळी हिने खिडकीपाशी लायसन्स धरून बघितलं होतं तसं. ती शंका आपणच कमावलेली आहे हे बाईंना कळलं, आणि त्या नुसत्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

मग काकांनी मान वळवली.

"केवढी आहे गं," ते म्हणाले.

"हं," बाई म्हणाल्या. त्यांना त्या क्षणी दरीही बघायची होती आणि काकांचा चेहराही, पण त्यांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. पुढे वळण आलं. वळणाआधी त्यांनीच घंटा वाजवली.